पोटखराब्यावरचे पाच दिवस

सातबारा उघडला तर सड्याची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराची, जमीन बहुतेक ठिकाणी 'पोटखराबा' म्हणून लिहिलेली सापडते. नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून खराबा. श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात कास ते राजापूर असे पाच दिवस याच खराब्यावर गेले. गाडीत वनस्पतिशास्त्राच्या दोन प्राध्यापिका, सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणारे एक संशोधक, पर्यावरण परिणाम अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार कंपनीत नोकरी करणारी एक इकॉलॉजिस्ट आणि एम.एस्सी.चे नऊ विद्यार्थी. दिवसभर मोजणी आणि संध्याकाळी चर्चा, असा बेत होता. प्रत्यक्षात चर्चा दिवसभर चालली आणि मोजणी अंधार पडेपर्यंत.

पहिला दिवस : कास

सोमवार मुद्दाम धरला होता. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी साताऱ्यापासूनच गाड्यांची रांग लागते. पर्यटकांची रोजची संख्या ठरलेली असल्याने ऑनलाइन नोंदणी करूनच निघावं. मोजणी करायची असेल तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. तिचा अर्ज दोन महिने आधी द्यावा, आणि परवानगीच्या तीन प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवाव्यात.

सकाळी साडेसातला पठारावर ढग इतके खाली होते की वीस पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. कास समुद्रसपाटीपासून सुमारे 1200 मीटर उंच आहे आणि पायाखाली सगळा जांभा. 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतली चार महाराष्ट्रात आहेत आणि कास त्यांपैकी एक. पण हे पठार समजून घ्यायचं तर फुलांआधी माती मोजावी लागते. विद्यार्थ्यांच्या हातात सेंटिमीटरच्या खुणा केलेली लोखंडी सळई दिली होती. सळई मातीत उभी खुपसायची आणि खडक लागला की आकडा वाचायचा. दोन ते चार सेंटिमीटर माती आणि तिच्यावरून सतत झिरपणारं पाणी असलं की तिथे सीतेची आसवं आणि गेंद. माती हातभर खोल झाली की तेरडा, सोनकी, उंच गवत. दोन्हींत अंतर अवघं तीन पावलांचं.

सीतेची आसवं ही मांसाहारी वनस्पती, हे वर्गात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण दहापट भिंगातून तिच्या मुळांसारख्या भागावरच्या मोहरीहून बारीक पिशव्या दिसल्या, तेव्हा नऊ जण एका डबक्याभोवती उकिडवे बसले आणि बराच वेळ कुणी उठलं नाही. इतक्या पातळ, सतत धुपणाऱ्या मातीत नत्र मिळत नाही. म्हणून ही पिशवी पाण्यातला सूक्ष्म जीव ओढून घेते. त्याच डबक्याच्या काठाला दवबिंदू होता, चिकट थेंबांनी भरलेला. एकाच उणिवेवर दोन वेगळे उपाय, वीतभर अंतरात.

मोजणीची रीत सांगायला हवी, कारण चुका इथेच होतात. 50 मीटर दोरी ताणायची आणि दर पाच मीटरवर एक मीटर बाय एक मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट आळीपाळीने डावी-उजवीकडे ठेवायची. नवखा विद्यार्थी चौकट हमखास फुलांवर ठेवतो. हात आपोआप तिकडे जातो. म्हणून दोरी ताणणाऱ्याने पाठ करून उभं राहायचं आणि चौकट दोरीवरच्या गाठीलाच टेकवायची. चौकटीत उघडा खडक, काळा शेवाळी थर, माती आणि पाणी यांची टक्केवारी आधी लिहायची, वनस्पती नंतर. मातीची खोली चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी अशी पाच ठिकाणी घ्यायची. नोंदी पेन्सिलीने. बॉलपेनची शाई पहिल्याच सरीत पसरली आणि एका गटाच्या चार चौकटींच्या नोंदी पुन्हा घ्याव्या लागल्या. चालताना पाय उघड्या कातळावर टाकायचा. काळपट थर निर्जीव दिसतो, पण माती धरून ठेवायचं काम तोच करतो आणि बुटाच्या टाचेने तो खरवडला की पुन्हा यायला वर्षं जातात.

वायतुरा तळ्याकाठच्या उथळ पाण्यात सापडला. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, फिकट जांभळा. 1982 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि जातीला साताऱ्याचं नाव मिळालं. जगात तो फक्त सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या मोजक्या पठारांवर आहे.

दुपारी पिठलं-भाकरी आणि खर्डा समोर असताना चराईचा विषय निघाला. गुरं म्हणजे नुकसान, असं विद्यार्थ्यांनी धरूनच चाललं होतं. भाकरी वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "गुरं थांबली तसं गवत वाढलं की हो. बारकी फुलं मग कुठनं दिसणार?" पठारावर कुंपण होतं त्या काळात अभ्यासकही हीच शंका बोलून दाखवत होते. मावशी आणि अभ्यासक दोघांचं खरं असू शकतं; पण पुरावा हवा तर प्रयोग हवा. त्याचा आराखडा तिथेच कागदावर मांडला. पाच बाय पाच मीटरच्या दहा जोड्या, प्रत्येक जोडीत एक चौकोन जाळीने बंद आणि एक उघडा, दोन्हींत मातीची खोली सारखी, आणि किमान पाच पावसाळे मोजणी. यात खर्च जाळीचा नाही, पाच वर्षं तिथेच परत येणाऱ्या माणसाचा आहे. बहुतेक प्रकल्पांना पैसे तीन वर्षांचे मिळतात, आणि इथली सगळी अडचण या दोन वर्षांच्या फरकात अडकलेली आहे.

दुसरा दिवस : चाळकेवाडी आणि लांबचा प्रवास

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर वारा असा की दोघांनी धरल्याशिवाय चौकट जागेवर राहत नव्हती. पवनचक्क्यांची पाती ढगात शिरत आणि पुन्हा बाहेर येत.

इथला सरडा मराठी माणसाने ओळखलाच पाहिजे. 2016 साली वेगळ्या ठरवलेल्या त्याच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, शास्त्रज्ञांनी नावच 'सरडा' दिलं, आणि चाळकेवाडीच्या जातीला 'सरडा सुपर्बा'. उन्हाळ्यात, विणीच्या हंगामात नर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून दगडावर उभा राहतो. पावसात ते दृश्य मिळत नाही, त्यासाठी एप्रिल-मे धरावा. याच पठारावर मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांनी केलेलं काम 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. पण त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आढळलं, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके होते.

हा अभ्यास शिकवायला फार मोलाचा आहे. फक्त सरडे मोजले असते तर निष्कर्ष निघाला असता की पवनचक्क्यांनी सरड्यांचं भलं झालं. एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे सर, संख्या वाढली तरी बिघाड असू शकतो?" असू शकतो. म्हणून अन्नसाखळीतल्या वरच्या कडीची मोजणी सोडायची नाही. पक्ष्यांसाठी एका जागी 20 मिनिटं उभं राहून चारही दिशा पाहायच्या, सकाळी दहानंतर, कारण ऊन तापून हवा वर चढू लागली की शिकारी पक्षी घिरट्या घालायला निघतात. त्या दिवशी ढगांमुळे पाऊण तासात एकही दिसला नाही. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे सगळ्यांना वहीत लिहायला लावलं. एखादी जात एखाद्या जागेवरून नाहीशी झाली म्हणायचं तर योग्य हंगामात, योग्य वेळी, तीन-चार फेऱ्या रिकाम्या गेलेल्या दाखवाव्या लागतात, आणि ती जात असलेल्या जागी एका फेरीत ती दिसण्याची शक्यता किती, हेही आधी काढावं लागतं.

मेंढरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. घोंगडीतून पाणी निथळत होतं. सुटे दगड कमी झाल्याचं त्यांनीच दाखवलं. रस्ते झाले, बांध झाले, त्यात दगड गेले. संशोधक सरांनी त्यांना विचारलं, "आजोबा, दगडाखाली पट्ट्यापट्ट्यांची पाल बघितलीय का कधी?" त्यांनी बोटाचं एक पेर दाखवलं आणि म्हणाले, "एवढुशी. लई बघितली." साताऱ्याच्या नावाची ही पाल 2008 साली विज्ञानाला माहीत झाली. ती सुट्या दगडाखाली राहते. दगड गेला की तिचं घर गेलं, आणि दगड जाण्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

पुढे कोल्हापूर, आजरा करत आंबोली. रस्त्यात नोकऱ्यांचा विषय निघाला तो घाट येईपर्यंत पुरला. विद्यार्थ्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं ते असं. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेतलं आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं एम.एस्सी. दर दोन वर्षांनी प्रवेश देतं. त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षीच तारखा पाहून ठेवाव्यात. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे. राष्ट्रीय परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधक झालात तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. परीक्षेशिवाय प्रकल्प सहायक झालात तर बरेचदा त्याहून पुष्कळ कमी, आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. घरी हे आधीच सांगावं. संख्याशास्त्र आणि त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा शिकायला पर्याय नाही, नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' फुकट मिळतं, आणि कुठल्या तरी एका गटाची ओळख पक्की हवी: गवतं, कोळी, शेवाळं, काहीही. वाघावर काम करू पाहणारे भरपूर आहेत. गवत ओळखणारा माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही.

सल्लागार कंपनीतल्या मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सांगितलं ते जपून ठेवण्यासारखं आहे. प्रकल्पाच्या अहवालाला बहुधा एका ऋतूची माहिती पुरते आणि ती पावसाळा सोडून घेतली जाते. सड्यावर जानेवारीत गेलात तर काळा खडक आणि वाळकं गवत. मोजणारा प्रामाणिक असला तरी त्याच्या यादीत गेंद नसतो, बेडूक नसतो, वायतुरा नसतो. "यादी खोटी नसते. ऋतू चुकीचा असतो." त्या स्वतः आता प्रत्येक प्रस्तावात ऑगस्टच्या एका फेरीचा खर्च घालतात आणि तो कापला गेला तर अहवालात तसं लिहून ठेवतात. या क्षेत्रातल्या नोकरीत असं काम करता येतं, हे विद्यार्थ्यांना कुणीतरी सांगायला हवंच होतं.

तिसरा दिवस : आंबोली, रात्रीची फेरी

दिवसभर पाऊस. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव; छत्री निरुपयोगी, लांब रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्यावेत. जळू चिकटली तर मीठ टाकू नये, नखाने तिचं तोंड हळू सरकवावं. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, दुपारी टाकळ्याची भाजी.

फेरीआधी बूट धुण्याला अर्धा तास गेला, आणि तो जायलाच हवा. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे आणि एका पठारावरचा चिखल दुसरीकडे नेणारे आपणच असतो. आधी ब्रशने सगळा चिखल काढायचा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवायचं. हे पाणी ओढ्यापासून दूर टाकायचं. चिखल न काढता ब्लीचमध्ये बुडवणं व्यर्थ आहे, कारण मातीत मिसळलं की ब्लीचचा जोर जातो. हाताला डास पळवणारं मलम लावलेलं असेल तर बेडकाला स्पर्श करायचा नाही. बेडकाची कातडी ते शोषून घेते.

रात्री आठ ते दहा, 100 मीटर लांब आणि चार मीटर रुंद पट्टा. दोन जण कडेला, एक लिहिणारा, चाल अगदी संथ. जांभ्याच्या ओल्या कातळावर आंबोलीचा भेक दिसला. अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळे पट्टे. त्यावरूनच त्याच्या 'टायगरिना' या शास्त्रीय नावात वाघ आला आहे. 2009 साली त्याचं वर्णन झालं. तो आंबोलीच्या परिसरातच आहे आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मादी कातळावरच्या दोन बोटं खोल डबक्यात अंडी घालते. या डबक्याला ना ओढ्याचं पाणी मिळत, ना झऱ्याचं. मुक्कामाच्या घरातल्या मावशींनी सकाळी सांगितलं होतं, "पावसान दडी मारल्यान की सगळा सुकान जाता." भेकाचं वर्ष त्या एका वाक्यात येतं.

शेजारच्या झुडपात आंबोलीचा झुडूपबेडूक टकटक करत होता. त्याची गोष्ट उलटी आहे. त्याला डबकं लागतच नाही, अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर येतो, पण ओला पालापाचोळा आणि झुडुपांची सावली हवी. डबकी वाचवून झुडपं तोडली तर एक वाचेल, दुसरा जाईल. 'बेडूक वाचवा' असं एकच वाक्य फलकावर लिहिलं तर त्यातून गावाला काय करायचं ते कळत नाही.

मग रस्त्यावरची एक किलोमीटरची फेरी. जिवंत आणि चिरडलेले दोन्ही मोजायचे, आणि रात्रीच मोजायचे. सकाळपर्यंत पाऊस, खेकडे आणि पुढच्या गाड्या पुरावा पुसून टाकतात, त्यामुळे सकाळचा आकडा नेहमी कमी येतो. जूनमधल्या शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी आणि भेकाची वीण एकाच वेळी असते. पर्यटकांना एवढंच सांगणं: जून-जुलैत अंधार पडल्यावर पठाराजवळून गाडी चालवायची वेळच येऊ देऊ नका.

चौथा दिवस : हिरण्यकेशी

सकाळी हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या महादेवाच्या मंदिरात. कुंडात हिरण्यकेशी नावाचाच मासा आहे, बोटभर लांब, सोनेरी अंगाचा. 2020 साली तो नवी जात म्हणून प्रसिद्ध झाला आणि 2021 मध्ये शासनाने इथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ केली. पाण्यात उतरायचं नाही, हात धुवायचे नाहीत, निर्माल्य टाकायचं नाही. देवस्थान म्हणून पाळलेला नियम आणि वारसास्थळाचा नियम इथे एकच आहे, म्हणून तो पाळलाही जातो. फोटो काठावरून घ्यावेत.

दुपारी घाट उतरून सावंतवाडी, तिथून राजापूर. चतुर्थी जवळ आल्याने महामार्गावर मुंबईच्या गाड्या होत्या. दोन तास जास्त धरून निघावं.

पाचवा दिवस : राजापूरचा सडा

कोकणातला सडा साताऱ्याच्या पठाराहून खूप खाली, समुद्राच्या वाऱ्यात. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यामुळे कातळाकडे लोक पाहू लागले आहेत. कोरलेल्या हत्ती-माशांच्या रेषांत पावसाचं पाणी साठतं आणि त्यात गेंद उगवतो, हेही पाहावं.

आजचं काम दगडांचं. पांढऱ्या पट्ट्यांची जी पाल इथे आहे ती साताऱ्याच्या पालीची जवळची नातेवाईक. 1963 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावावरून तिचं वर्णन झालं. पण त्याच दगडाखाली फुरसंही असतं, आणि हा जिल्हा फुरशांचा आहे. म्हणून दगड पालथा घालण्याची रीत नीट पाळायची. दगडाची पलीकडची कड लोखंडी हुकाने धरायची आणि दगड आपल्याकडे कलता करायचा. म्हणजे तो ढालीसारखा मध्ये राहतो आणि खालचा प्राणी पलीकडे पळतो. बोटं दगडाखाली कधीही नाहीत. घोट्यावर बूट, जाड पँट. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या रुग्णालयात आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असावं. दगडाची लांबी-रुंदी, खालचं तापमान, खाली माती की खडक, हे लिहायचं आणि मग दगड त्याच्या मूळ खळीत, त्याच बाजूने परत. उलटा ठेवला तर त्याच्यावरचं दगडफूल खाली कुजतं आणि खालची ओल उडून जाते. रिकाम्या दगडाचीही नोंद हवीच; ती गाळली तर दर शंभर दगडांमागे किती पाली, हे कधीच सांगता येत नाही. फोटो कुठल्याही संकेतस्थळावर टाकताना ठिकाण लपवावं. अशा पाली आणि कंदीलपुष्पं विकणारे लोक नकाशे वाचतात.

सड्याला लागून आंब्याची नवी बाग होती. बागायतदार काकांनी बोलावून पातोळ्या खायला घातल्या आणि सगळा हिशेब मोकळेपणाने सांगितला. दहा बाय दहा मीटरवर कलम, म्हणजे हेक्टरी शंभर खड्डे, प्रत्येक एक मीटर लांब, रुंद, खोल. कातळ फोडायला यंत्र, भरायला बाहेरून माती, आणि निघालेल्या व सड्यावरून वेचलेल्या दगडांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. "खराब्याचं सोनं केलं आम्ही," ते म्हणाले, आणि कष्ट पाहता त्यात काही चूक नव्हतं. प्राध्यापिका मॅडमनी सातबाऱ्याचा शब्द बाजूला ठेवला आणि डबकी दाखवायला सुरुवात केली. तासाभराने काका स्वतःहून सांगू लागले की वरच्या अंगाच्या डबक्यापाशी खड्डे घेतलेच नाहीत, तिथे म्हशी पाणी पितात. तेवढा तुकडा, भोवतीच्या सुट्या दगडांसकट, तसाच ठेवायला ते कबूल झाले. विद्यार्थ्यांनी त्याचा नकाशा मराठीत काढला. एक प्रत काकांना आणि एक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला, लोकजैवविविधता नोंदवहीत लावायला. संशोधनाचा इंग्रजी लेख दोन वर्षांनी येईल. हा कागद त्याच दिवशी गावात राहिला.

निघताना काकांच्या आई ओसरीवर गणपतीच्या वर बांधायच्या माटवीचं सामान निवडत होत्या: कवंडळ, कळलावी, शेरवड, तेरडा. कुठलं कुठून आणायचं ते त्या नातवाला सांगत होत्या. तेरडा बांधावरून, कवंडळ रानाच्या कडेवरून, कळलावी कुंपणावरून. मॅडमनी वही काढून नाव, जागा आणि दिवस असे तीन रकाने आखले. शेरवडीपाशी आजी थांबल्या. ती पूर्वी सड्याच्या उतरणीवर मिळायची. यंदा राजापूरच्या बाजारातून वीस रुपयांची जुडी आणली होती.